एकाच नंबरच्या दोन टाक्या

पाण्यावर तावातावाने लिहिणाऱ्यांनी आधी एखादं पंपघर आतून बघून यावं, असं माझं आता मत झालं आहे. गेल्या महिन्यात महाड-पोलादपूरकडे जाऊन आले त्याआधी हे मत नव्हतं. तेव्हा मला वाटायचं, सोलापुरातल्या आमच्या गच्चीवर बसूनही पाण्याबद्दल लिहिता येतं, फक्त राग पुरेसा हवा. आणि रागाची आमच्या घरात कधी टंचाई नव्हती. वडील आयुष्यभर छापखान्यात. चळवळीतली पत्रकं छापून झाली की उरलेले गठ्ठे घरी यायचे. मी अक्षरं त्यांच्यावर गिरवली, माझ्या वह्यांना कव्हरं त्यांची, पोह्यांची पुडी त्यांची. 'बंधूंनो आणि भगिनींनो' हे मला 'कमळ' आणि 'गवत' यांच्या आधी वाचता येत होतं.

ज्या गावात गेले त्याचं नाव लिहीत नाही. पोलादपूरहून उमरठकडे जाताना मध्येच आत वळलं की लागतं, एवढं पुरे. तिथल्या शेवंताकाकूंनी निघताना बजावलंय, "आमचं हसू आम्ही करू, छापायचं तर गाव गाळून छाप." त्याप्रमाणे गाव गाळलं आहे. हसू तेवढं ठेवलं आहे.

बुधवार, महाड

महाडच्या एसटी स्टँडवर रेश्मा स्कूटर घेऊन उभी होती. डिप्लोमा करायला ती सोलापुरात आली तेव्हा आमच्या वरच्या खोलीत भाड्याने राहायची. आता महाडच्या औद्योगिक वसाहतीत एका रसायनांच्या कारखान्यात नोकरी करते. तापमान, दाब, पातळी मोजणारी जी काही यंत्रं तिथे असतात, ती खरं बोलतात की नाही हे तपासणं तिचं काम. मी म्हटलं, माझंही तेच काम आहे, फक्त माणसांच्या बाबतीत. तिने विचारलं, "मग तुझा मल्टिमीटर कुठाय?"

सोलापूरचं ऊन आणि महाडचं ऊन यांत एक मूलभूत फरक आहे. आमचं ऊन डोक्यावर टोला मारतं आणि निघून जातं. महाडचं ऊन नातेवाइकासारखं येऊन अंगाला चिकटून बसतं. चवदार तळ्यावर पोचेपर्यंत माझा सदरा पाठीला असा चिकटला होता की रेश्मा म्हणाली, आधी सावलीत बस, क्रांती नंतर.

तळ्यावर मी नवखी नव्हते. मागच्या वर्षी मार्चमध्ये मेळाव्याला आले होते, खांद्याला झोळी आणि झोळीत मी स्वतः लिहिलेलं पत्रक. मथळा होता, 'दुसरा नंबर नाकारा'. रांगेत, नोकरीत, पाण्यावर, पंगतीत, जिथे जिथे आपल्याला मागे उभं केलं जातं तिथे तिथे मागे उभं राहायला नकार द्या, असा एकूण आशय. वडिलांनी प्रूफ वाचताना एवढंच म्हटलं होतं की उद्गारचिन्हं थोडी कमी कर, छापखान्यात संपतील. पत्रकं भराभर संपली होती. काहींचे शेंगदाण्यांसाठी कोन झाले हे मी डोळ्यांनी पाहिलं होतं, पण बाकीची कुठे गेली असतील याची मला मनातून फार उत्सुकता होती.

तळ्याच्या कठड्यापाशी बसून रेश्माने मला तिच्या गावचं प्रकरण सांगितलं. खरं तर त्यासाठीच मी आले होते.

गावाचे दोन भाग. चढावर वरची आळी, उतारावर बौद्धवाडी. रेश्मा वाडीतली. नदीकाठच्या विहिरीवर एकच पंप आणि टाक्या दोन, एक आळीची, एक वाडीची. पंप पूर्वी हाताने सुरू करावा लागायचा आणि पंपघराची किल्ली वरच्या आळीत अण्णांच्या पडवीत एका खिळ्याला टांगलेली असायची. अण्णा म्हणजे माजी सरपंच. तोंडाने कधी कुणाला वाकडं न बोलणारे. वाडीतल्या बायका किल्ली मागायला गेल्या की अण्णा म्हणायचे, देतो की. मग त्यांची आंघोळ व्हायची, चहा व्हायचा, पेपर व्हायचा. बायका अंगणात उभ्या. किल्ली मिळायची, पण ऊन वर आल्यावर.

गेल्या वर्षी नवी योजना आली. पंपघरात कंट्रोलर बसला. टाकी रिकामी झाली की पंप आपोआप सुरू, भरली की बंद. किल्ली खिळ्यावरून उतरली आणि पंप बघणाऱ्या तात्यांकडे आली. वाडीत त्या दिवशी शिरा केला होता म्हणे. पण मशीन काही नीट चाललं नाही. कधी बंद पडायचं, कधी भलतंच वागायचं. ठेकेदार फोन उचलेना. वरच्या आळीचं म्हणणं, काढून टाका हे खूळ, किल्ली होती तेच बरं होतं. शनिवारी ग्रामसभा, त्यात हाच विषय. सरपंचबाईंनी रेश्माला सांगितलं होतं, तू यातली जाणकार, शनिवारपर्यंत चालवून दाखव, नाहीतर मला किल्लीचा ठराव टाळता येणार नाही.

"म्हणजे शनिवारी मशीन चाललं नाही तर किल्ली परत खिळ्यावर," मी म्हटलं.

"आणि माझी काकू परत अंगणात," रेश्मा म्हणाली.

रात्रीच्या जेवणाला तिने वालाचं बिरडं आणि तांदळाची भाकरी केली. आमच्याकडची कडक ज्वारीची भाकरी महिनाभर टिकते आणि वेळप्रसंगी फेकून मारता येते. ही भाकरी रुमालासारखी चार घड्या घालून ताटात येते. मी घरून शेंगाचटणी नेली होती. रेश्माने ती बिरड्यात कालवली. हा गुन्हा आहे की सुधारणा, हे मला अजून ठरवता आलेलं नाही, पण मी तिसरी भाकरी घेतली.

गुरुवार, औद्योगिक वसाहत

रेश्माची पाळी दुपारी सुटायची होती. कारखान्याच्या फाटकावर मला अडवलं. मी रखवालदाराला माहितीच्या अधिकाराविषयी थोडं सांगितलं. त्याने शांतपणे ऐकून घेऊन समोरच्या टपरीकडे बोट दाखवलं. टपरीवाल्या मामींकडे मी दीड तास काढला आणि खरं शिक्षण तिथेच झालं.

मामींच्या टपरीला चार बाकं होती आणि प्रत्येक बाकाला रंगाने नंबर घातलेला. मामी स्टोव्हमागून हलत नसत. तिथूनच हाक द्यायच्या, "दोन नंबर, किती?" दोन नंबरच्या बाकावरून उत्तर यायचं, "तीन कट, एक बिनसाखर." बाकीची बाकं गप्प. मग "तीन नंबर, किती?" या शिस्तीत चहा असा सुरळीत वाटला जायचा की मी चकित झाले. मग पाळी सुटली, बसगाड्या लागायच्या आत चहा पाहिजे म्हणून चाळीसेक माणसं एकदम आली, सगळी एकदम बोलायला लागली, आणि मामींनी पळी खाली ठेवून हात बांधले. कुणालाच चहा नाही. गलका थांबेपर्यंत त्या तशाच उभ्या राहिल्या.

"हे बघ, हेच," गर्दीतून येत रेश्मा म्हणाली. आणि चहाचे ग्लास मांडून तिने मला समजावलं. पंपघरातला कंट्रोलर हुशार असतो, पण त्याला टाकीवरच्या मीटरची भाषा थेट कळत नाही. म्हणून त्याच्या बाजूला एक मॉड्यूल बसवतात, काडेपेट्यांच्या गठ्ठ्याएवढं. त्याच्यातून दोनच बारक्या वायरी निघतात आणि सगळे मीटर त्याच दोन वायरींना लटकलेले असतात. प्रत्येक मीटरला एक नंबर. मॉड्यूल एकेकाचा नंबर घेऊन विचारतं, तुझ्याकडे किती? ज्याचा नंबर त्याने उत्तर द्यायचं, इतरांनी गप्प बसायचं. जे कळेल ते मॉड्यूल कंट्रोलरच्या कानात सांगतं आणि दुसऱ्या बाजूने नेटवर टाकतं, म्हणजे सरपंचबाईंना फोनवर दिसतं. दोघं एकदम बोलले तर नुसती खरखर. मग कंट्रोलर मामींसारखा हात बांधून बसतो.

तिने पिशवीतून त्या मॉड्यूलचं जुनं माहितीपुस्तक काढलं. मी ते उघडलं आणि तिसऱ्याच पानावर माझा चहा थंड झाला. विचारणाऱ्याला तिथे 'मास्टर' म्हटलं होतं आणि उत्तर देणाऱ्याला 'स्लेव्ह'.

मी रेश्माला विचारलं, हे तू रोज वाचतेस? मालक बोलणार, गुलाम विचारल्याशिवाय तोंड उघडणार नाही, आणि तू याच्यावर डिप्लोमा घेतलास? मी तिथेच कंपनीला पत्र लिहायला घेतलं. रेश्मा म्हणाली, नव्या पुस्तकांत ते शब्द बदललेत, हे पुस्तक जुनं आहे. लढाई आपल्याआधीच कुणीतरी जिंकलेली असली की लढवय्याची जी निराशा होते ती माझी झाली. पत्र फाडलं. पण विचारल्याशिवाय बोलायचं नाही, या नियमाबद्दलचा राग मी जपून ठेवला. तो दुसऱ्या दिवशी उपयोगी पडेल असं वाटलं होतं. पडला, पण उलटा.

शुक्रवार, गाव

पोलादपूर मागे पडलं की रस्ता हळूहळू डोंगराच्या कुशीत शिरतो. एप्रिल संपत आला होता. नदी दगडांच्या मधून वाट काढत होती, करवंदाच्या जाळ्या काळ्या पडायला लागल्या होत्या. एका वळणावर रेश्माने स्कूटर थांबवली आणि आम्ही ओंजळभर करवंदं खाल्ली. माझे ओठ चिकाने असे चिकटले की पुढची दहा मिनिटं मला भाषण करता आलं नाही. रेश्माने त्या जाळीची जागा लक्षात ठेवली असं नंतर म्हणाली.

गावात शिरताच जे दिसलं ते पाहून माझ्या अंगाचा तिळपापड झाला. वरच्या आळीची टाकी भरून वाहत होती. पाणी कडेने ओसंडून गटारात, गटारातून रस्त्यावर, आणि रस्त्यावर एक म्हैस निवांत बसून त्याचा लाभ घेत होती. शंभर पावलं खाली वाडीच्या टाकीशी रिकामे हंडे ओळीने मांडलेले. मी वही काढून उभ्याउभ्या लिहिलं: 'म्हशीला अभ्यंगस्नान, माणसाला कोरडा हंडा.' एवढा तयार मथळा मला आयुष्यात कधी मिळाला नव्हता.

रेश्माची काकू शेवंता हंड्यांच्या रांगेपाशी उभी होती. पन्नाशीची, आवाज पितळी, कमरेला पदर घट्ट खोचलेला. मला वरपासून खालपर्यंत बघून म्हणाली, "ही तुझी सोलापूरवाली काय गो? ओठांना काय झालंय हिच्या?"

मी विचारलं, वरची टाकी अशी नेहमीच वाहते का.

"नेहमी नाय," काकू म्हणाली. "वर लाइट गेली का असं होतं. लाइट असली का मशीन गप. लाइट गेली का मशीन सुरू, आन् पाणी जातंय वर. आता बोल. आमी म्हणतो वरचेच काहीतरी करतात. ते म्हणतात वाडीवाले करतात."

मी रेश्माकडे विजयाने पाहिलं. लाइट घालवून पाणी पळवतात, कट उघड आहे. पण रेश्मा हातातली पिशवी खाली ठेवून काकूकडे टक लावून बघत होती. "काकू, परत सांग. वरची लाइट गेली कीच?"

"आजपण सकाळपासून वर लाइट नाय. बघ की."

"आणि वाडीत लाइट आहे."

"हाय."

रेश्मा हसायला लागली. का ते सांगेना. म्हणाली, आधी नंबर बघू.

पंपघर नदीकडे उतरताना लागतं. तिथली वीज वेगळ्या लाइनवरची. तात्या दारातच होते. साठीचे, किडकिडीत, गळ्यात दोरीला किल्ली. बोलताना समोरच्याच्या चेहऱ्याकडे बघून वाक्य बदलणारे. त्यांच्या आयुष्याचं एकच ध्येय होतं, गावात भांडण होऊ नये. त्यांनी घाईने सांगितलं की त्यांनी कशालाच हात लावलेला नाही. कुणी विचारलं नसताना सांगितलं.

रेश्माने पेटी उघडली. कंट्रोलरच्या बाजूला ते मॉड्यूल होतं, बारीक दिवे लुकलुकत होते. तिने मला वरच्या टाकीच्या मीटरचा नंबर बघून यायला पाठवलं. मीटरची पेटी टाकीच्या भिंतीवर, आंब्याच्या फांदीखाली. पेटी उघडायला हात घातला आणि फांदीवरच्या लाल मुंग्या माझ्या बाहीत उतरल्या. मी फोनवर किंचाळले. रेश्माने पलीकडून शांतपणे विचारलं, "आकडा सांग, आवाज नको." आत एक छोटी चकती होती, स्क्रू-ड्रायव्हरने फिरवायची, आणि तिचा बाण एकावर होता. बाहेर मोठं स्टिकर, १.

मग वाडीची टाकी. तिथेही पेटी, तिथेही चकती. बाण एकावर. बाहेर स्टिकर, १. त्याच्याखाली सोललेल्या जुन्या स्टिकरचा कडेचा तुकडा राहिला होता.

मी तोही आकडा फोनवर सांगितला. मग रेश्माचा आवाज आला, माझ्यासाठी नव्हता. "तात्या, खरं सांगा. वाडीचा दोन नंबर होता ना?"

मी खाली पोचेपर्यंत तात्यांनी सगळं सांगून टाकलं होतं. ठेकेदाराच्या माणसाने आळीला एक आणि वाडीला दोन नंबर लावून दिला होता. वरच्या आळीला तो मान्य होता, कारण शिमग्यात पालखी पहिली त्यांच्याकडे येते, मग पहिला नंबर दुसऱ्या कुणाचा असणार? पण वाडीतल्या बायका एक दिवस मोर्चा घेऊन पंपघरावर आल्या. आम्ही दोन नंबरचे का? तात्यांनी वर जाऊन विचारलं, एक नंबर वाडीला दिला तर चालेल का. वरून जे उत्तर आलं ते तात्या सांगत नाहीत. तेव्हा तात्यांनी भांडण मिटवलं. वाडीची चकती फिरवून एकावर आणली, स्टिकर बदललं. आळी खूश, वाडी खूश.

"दोगांना मान दिला," तात्या म्हणाले. "माझं काय चुकलं? आकड्याला काय पैसा पडतो?"

रेश्माने त्यांना आणि मला एकत्रच समजावलं. मॉड्यूल विचारतं, एक नंबर, तुझ्याकडे किती? दोन्ही टाक्या एकदम उत्तर देतात. नुसती खरखर, मग पंप बंद. वरची लाइट गेली की वरचा मीटर मरतो आणि एकटी वाडीची टाकी ओरडते, मी रिकामी आहे. कंट्रोलरला वाटतं, एक नंबर म्हणजे आळीची टाकी रिकामी. तो पंप सुरू करतो आणि पाणी वर सोडतो. वर पाणी ओसंडतं, पण वाडीची टाकी रिकामीच, ती ओरडतच राहते. आणि पंप चालूच.

म्हणजे तहान वाडीची, हाकही वाडीची, आणि पाणी म्हशीला. मी माझ्या वहीतल्या मथळ्याकडे पाहिलं. मथळा खरा होता. फक्त त्याला गुन्हेगार नव्हता.

"पण काकू, तुम्हाला नंबरासाठी मोर्चा काढायचं सुचलं कुठून?" मी शेवंताकाकूला विचारलं. तोपर्यंत ती आणि आणखी पाचसात बायका पंपघराशी जमल्या होत्या.

काकूने पंपघराचं दार आतून लोटून दाखवलं. दाराच्या मागच्या बाजूला प्लॅस्टिकमध्ये बंद करून, चारी कोपऱ्यांना खिळे ठोकून लावलेलं एक पत्रक होतं. पिवळा कागद. 'दुसरा नंबर नाकारा'. खाली माझी सहा परिच्छेदांची गर्जना आणि वडिलांनी कमी करायला सांगितलेली उद्गारचिन्हं, सगळीच्या सगळी.

"तळ्यावर मिळालं मागच्या साली," काकू म्हणाली. "पोलादपुरात नेऊन प्लॅस्टिक करून आणलं. लय भारी लिवलंय. आमी दर बैठकीला वाचतो. पाठ झालंय आता."

मी रेश्माकडे बघितलं. रेश्मा छताकडे बघत होती, तिचे खांदे हलत होते. शेंगदाण्याच्या कोनांची मला त्या क्षणी फार आठवण झाली. गप्प राहिले असते तर कुणाला कळलं नसतं. पण रखवालदाराला मी ज्या आवाजात माहितीचा अधिकार सांगितला होता, तो आवाज गप्प बसू देईना.

"काकू, हे मी लिहिलंय."

काकूने पत्रकाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, माझ्या काळ्या ओठांकडे पाहिलं. "तू?"

"हो."

"मंग आमचं पाणी तू घालवलंस की गो," काकू म्हणाली, आणि बायका अशा हसल्या की तात्या दोन पावलं मागे सरकले.

आता प्रश्न असा होता की वाडीचा नंबर बदलायचा तर दोन करायचा का. काकूने साफ नकार दिला आणि मला माझाच चौथा परिच्छेद म्हणून दाखवला, 'एकदा मागे सरकलात की मागेच राहाल'. मी म्हटलं, काकू, ते टाक्यांबद्दल नव्हतं. काकू म्हणाली, त्यात लिवलंय पाण्यावर. लिहिलेलं होतंच. स्वतःच्या वाक्याशी वाद घालण्याइतकं अवघड काम नाही. मी दहा मिनिटं हरले.

शेवटी रेश्मा मध्ये पडली. हा नंबर म्हणजे मान नाही, ती म्हणाली, घराच्या दारावरचा नंबर असतो तसा. पत्र बरोबर घरी यावं म्हणून. दोन घरांना एक नंबर दिला तर पोस्टमन काय करेल? "आणि दोनच पाहिजे असं कुठाय? एकपासून दोनशे सत्तेचाळीसपर्यंत कुठलाही घे. तू सांग, मी घालते."

बायकांची कुजबुज झाली. काकूने फार वेळ घेतला नाही. "वीस," ती म्हणाली. "मार्चची वीस. तळ्याची तारीख. इसरायला नको."

वाडीची चकती नऊपर्यंतच जात होती, तेव्हा पेटीतली दशकाची वेगळी चकतीही फिरवून रेश्माने टाकीवर वीस केले, मग पंपघरात येऊन लॅपटॉप जोडून कंट्रोलरला सांगितलं की आता एकाला विचार आणि विसाला विचार. वर लाइट परतली. मॉड्यूलवरचा लाल दिवा विझला. सगळ्या बायका त्या बारक्या हिरव्या दिव्याकडे बघत राहिल्या. मग खालून पंपाचा घोगरा आवाज आला आणि थोड्या वेळाने वाडीच्या टाकीत पाणी पडायला लागल्याचं वरून कुणीतरी ओरडून सांगितलं.

मी दारामागचं पत्रक काढायला गेले. काकूने माझा हात धरला. काढायचं नाही, त्याला पैसे पडलेत. पेन आहे ना तुझ्याकडे? खाली लिही. मी विचारलं काय लिहू. प्लॅस्टिकवर, वडिलांच्या छापखान्यातल्या त्या ठळक मथळ्याखाली, काकूने सांगितल्याप्रमाणे मी माझ्या हाताने लिहिलं: 'टाक्यांना लागू नाही.'

दुपारी काकूकडे जेवलो. कुळथाची पिठी, सुकट आणि कैरीचं लोणचं. हात धुवायला तिने मला भरलेला तांब्या दिला, मग दुसरा दिला. गरज नव्हती. तिला द्यायचा होता.

शनिवार, ग्रामसभा

ग्रामसभा शाळेच्या व्हरांड्यात. अण्णांना मी पहिल्यांदा तिथे पाहिलं. पांढरं शुभ्र धोतर, बोलणं मऊ. त्यांनी कुणालाही नाव न ठेवता सांगितलं की यंत्र आपल्या ठिकाणी चांगलंच आहे, पण गावाला झेपत नाही. किल्ली घरात होती तेव्हा कधी कुणाला पाण्याविना ठेवलं नाही. आताही जबाबदारी घ्यायला ते तयार आहेत. खिळा अजून तिथेच आहे.

मी उठणार होते. रेश्माने माझा सदरा मागून धरून ठेवला होता.

अण्णांचं बोलणं चालू असतानाच उतारावरून पंप सुरू झाल्याचा आवाज आला. सगळ्यांच्या माना तात्यांकडे वळल्या. तात्या पहिल्या रांगेत बसले होते, किल्ली त्यांच्याच गळ्यात. त्यांनी दोन्ही हात वर करून दाखवले. सरपंचबाईंनी फोन पुढे केला. त्यावर दोन टाक्यांच्या दोन पट्ट्या दिसत होत्या, विसाची पट्टी हळूहळू वर चढत होती. फोन हातोहात फिरला. अण्णांकडे पोचला तेव्हा त्यांनी चष्मा लावून तो बराच वेळ पाहिला. पंप थोड्या वेळाने आपोआप थांबला. किल्लीचा ठराव मांडायला कुणी उभं राहिलं नाही.

उभा राहिला तो वरच्या आळीचा एक गृहस्थ, फोन हातात घेऊन. "हे काय आहे? वाडीला वीस, आणि आम्हाला एकच?"

मी तोंड उघडलं. रेश्माने सदरा इतका ओढला की शिवण गेली. नंबर लहान-मोठा नसतो हे तिने त्यांनाही समजावून पाहिलं, पोस्टमनसकट. ते ऐकेनात. वीस मोठा की एक, एवढंच सांगा. शेवटी तिने विचारलं, मग किती हवा? तिथे एकमत झालं नाही, पालखीचा, आळीतल्या घरांचा, मारुतीच्या पायऱ्यांचा असे आकडे पुढे आले, आणि अखेर ठरलं, एकवीस. वाडीपेक्षा एक जास्त.

रेश्माने वरच्या टाकीची चकती फिरवली आणि पंपघरात जाऊन दहा मिनिटांत त्यांचा एकवीस केला. दोन्ही पट्ट्या नीट चालू राहिल्या. तिला विचारलं, चिडली नाहीस? ती म्हणाली, नंबर वेगळे असले की झालं, मॉड्यूलला तेवढंच कळतं.

रविवार, परतताना

निघताना शेवंताकाकू आम्हाला रस्त्यापर्यंत सोडायला आली. वाट वरच्या आळीतून जाते. अण्णा पडवीत पेपर वाचत बसले होते. किल्लीच्या खिळ्यावर त्यांचा सदरा टांगलेला होता, काकूने तो माझ्याआधी पाहिला. ती चालता चालता थांबली, नेमकी अंगणात, जिथे इतकी वर्षं उभी राहायची त्याच जागी असावी, कारण पाय आपोआप थांबल्यासारखे थांबले.

अण्णांनी पेपर बाजूला ठेवला. "उन्हाचे निघालात," ते म्हणाले. "बसा, पाणी घ्या."

"नको अण्णा, घरूनच पिऊन निघालो," काकू म्हणाली, आणि अंगण ओलांडताना मागे वळली. "तुम्हाला कमी पडलं तर सांगा हां."